ढिली कात्री

…पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलं आणि मनगट आपोआप उजवीकडे वळलं – अर्धा आटा, त्याहूनही जरा कमी – आणि दोन पात्यांमधून ट्यूबलाइटचा जो दोऱ्याएवढा उजेड दिसत होता तो मिटला. तेलाचा एक थेंब. फडक्याने पुसलं. ठेवली. आता पुढची. रोजचंच काम होतं हे. शटर वर गेलं, देवाला हात जोडून झाले, की पांढऱ्या टॉवेलवर सगळ्या कात्र्या ओळीने मांडायच्या आणि एकेकीचा स्क्रू बघायचा. हात आपले करत होते. ती मात्र तिथे नव्हतीच. ती काल संध्याकाळी याच काउंटरला टेकून उभ्या राहिलेल्या बाईशी भांडत होती. काल जे तोंडातून फुटलं नाही ते आज कात्र्यांना ऐकवत होती.

म्हणे, परत पाठवा. दारातूनच.

टायपिंगचा क्लास चालवायच्या त्या म्हाताऱ्या बाईंची लेक आली होती काल, दुकान आवरायच्या वेळी. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असते, अंगाला त्या दुकानाचा वास असतो, आणि बोलते तीही गोळ्या कधी घ्यायच्या ते समजावल्यासारखी, एकेक शब्द सुटा करून. म्हणाली, वहिनी, आज आई रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्हीकडून गाड्या, फळवाल्याने हाताला धरून ओढलं म्हणून… आणि वाक्य तिने अर्धंच सोडलं. मग पाणी मागितलं. मग म्हणाली, आई इथेच यायला निघते, रोज, केस कापायला. कापलेलेच असतात, तिच्या लक्षात राहत नाही. तुम्ही बसवून घेता म्हणून ती येत राहते. उद्या दुपारी मी सुट्टी काढून येते. माझ्यासमोर तिला सांगा, की केस कापून झालेत, आता येऊ नका. माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. दोन-चारदा परत गेली की पाय आपोआप विसरतील.

पाय आपोआप विसरतील! वहिनीने फडकं असं झटकलं की तेलाची बाटली आडवी व्हायची राहिली.

वहिनी ती खरं तर एकाच माणसाची – दुसऱ्या खुर्चीवर काम करणाऱ्या नणंदेची. पण नणंदेने दिवसभर वहिनी, वहिनी करायचं आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकांनी ते उचलायचं, असं होता होता सगळा रस्ताच तिला वहिनी म्हणू लागला. झुपकेदार मिशांचा तो ट्रकवाला, जो तिच्या वडिलांच्या वयाचा आहे, तोसुद्धा. नवरा गेला, सासरे गेले, नावाने हाक मारणारं कुणी उरलं नाही, आणि तिला त्याचं दुःखही नाही. कुणाची तरी वहिनी असणं हे काय कमी आहे?

– नाही, मी नाही म्हणणार. मी तोंडाने नाही म्हणणार ते वाक्य. दुकान माझं, खुर्ची माझी, आणि त्या खुर्चीत कोणी बसायचं हे औषधवालीने ठरवायचं? तुझ्या दुकानात कुणी रोज येऊन तीच गोळी मागितली तर तू नको देऊस, बरोबर आहे, गोळीने माणूस मरतं. कंगव्याने कुणी मेलं आहे का?

पण रस्ता. रस्त्याने मेलं असतं की. हे तिला काल रात्रीपासून खड्यासारखं टोचत होतं आणि म्हणूनच तर ती इतकी चिडली होती.

"वहिनी, कात्री पुसतेयस की सोलतेयस?" नणंद आत येत म्हणाली आणि चपला कोपऱ्यात भिरकावल्या. वहिनीने पुढची कात्री उचलली. नणंदेच्या जिभेला धार आहे, पण हात असा मऊ की केस धुताना लोक झोपतात. त्या एका गुणापायी तिला सगळं माफ असतं. कालचं बोलणं तिनेही ऐकलं होतं, आणि तिचं मत तिने रात्री जेवताना सांगूनही टाकलं होतं: लेक बरोबर आहे. आपण म्हातारीला नादी लावलं आहे. आणि वर, अर्धा-अर्धा तास चांगली खुर्ची अडवून तू हवा कापत बसतेस. हवेचे केस कधी वाढलेले पाहिले नाहीत मी.

हवा कापतेस. हो, कापते.

हे शिकवलं कुणी? सासऱ्यांनी. ती लग्न होऊन आली तेव्हा हे नुसतं पुरुषांचं दुकान होतं, तीन खुर्च्या, आरशाचा पारा सुटलेला, आणि सासऱ्यांचे गुडघे दुखायला लागलेले. नवऱ्याला या कामात गोडी नव्हती. एक दिवस सासऱ्यांनी तिच्या हातात आपली कात्री दिली – लांब पात्यांची, अंगठ्याच्या कडीपाशी झिजून पितळेसारखी पिवळी झालेली – आणि म्हणाले, सूनबाई, आधी हवा काप. किती तरी महिने तिने हवाच कापली. डाव्या हातात कंगवा, उजव्या हातात कात्री, फक्त अंगठा हलवायचा, बाकीची बोटं दगडासारखी. कंगवा उचलला की टक्-टक्, खाली आणला की टक्… स्वयंपाकघरात भात शिजेपर्यंत, अंगणात कपडे वाळेपर्यंत. सासू म्हणायची, या घरात सुनेला वारं कापायला लावलंय, शेजारी काय म्हणतील. सासरे म्हणायचे, वारं कुरकुर करत नाही म्हणून त्याच्यावर शिकायचं. डोक्याला हात लावशील तेव्हा आवाज आधी शांत असला पाहिजे. माणूस आवाजावर विश्वास ठेवतो.

आणि ते अगदी खरं निघालं. खुर्चीत बसलेला माणूस डोळे मिटतो, त्याच्या कानामागे धारदार पोलाद चाललेलं असतं, परक्या बाईच्या हातात. आणि तो मान सैल सोडतो. कशाच्या भरवशावर? कानामागच्या त्या टक्-टक् आवाजाच्या. मान सैल सुटली की मग जीभही सुटते. वहिनीने काय काय ऐकलं नाही या खुर्चीपाशी! ट्रकवाला बायकोला जे सांगत नाही ते सांगतो – की रात्री लांबचा रस्ता धरला की त्याला हल्ली भीती वाटते. एक तरणा मुलगा प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या दिवशी येतो, वाढले नसले तरी येतो, आणि वहिनी त्याच्या भोवऱ्यावरचा तो हट्टी झुपका पाण्याने बसवत सांगते, की उद्याच्याला हा उभा राहिला तर समज नोकरी लागली. आजारातून उठलेली एक शिंपीण आहे, तिचे केस परत उगवताहेत, कुरळे, पूर्वी कधीच नव्हते असे. ती महिन्यातून दोनदा येते आणि नुसता हात फिरवून घेते. तिचे केस कापण्याएवढे वाढलेच नाहीत अजून. तिला कुणी म्हणत नाही की परत पाठवा.

मग बाईंनाच का?

सकाळी रेडिओवर ते गाऊन प्रवचन सांगणारे लागतात. वहिनीला त्यांचं वेड आहे, त्यांच्यासाठी ती कणीक मळायचीसुद्धा थांबते. गोष्ट सांगता सांगता त्यांचा सूर कधी चढतो ते कळत नाही, आणि शेवटचं अक्षर ते असं हवेत ठेवून देतात की आपण ओट्यापाशी उभे राहून ते खाली यायची वाट बघत राहतो. पण आज नेमके म्हणाले – गाऊन, पुन्हा पुन्हा, वळणं घेत – की सेवेत खोट मिसळली की ती सेवा राहत नाही, ते सोंग होतं. आणि सोंग देवाला कळतं. तिने गॅस बारीक केला. पोळी करपली. मग दुकानाकडे चालता चालता ती त्यांनाच म्हणाली होती, मनात, हात जोडून पण मान ताठ ठेवून, की तुमचा गळा गोड आहे, तुमच्या पायाशी मी रोज बसते, पण तुमच्यासमोर कुणी आरशात बघून तसा चेहरा केला आहे का? आधी तो बघा, मग मला सोंग म्हणा.

तो चेहरा…

बाईंचे केस तिने कापले होते त्याला दोनच दिवस झाले होते. बाई पुन्हा दारात. नीट इस्त्रीची साडी, हातात पिशवी, पिशवीत छत्री. येऊन सरळ खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, पोरी, मानेवर फार वाढलेत, उकडतं. वहिनी हसून म्हणाली – किती सहज म्हणाली, त्याच क्षणी जीभ झडायला हवी होती – "अहो बाई, परवाच तर कापले." आणि मग आरशात तिला ते दिसलं. बाईंनी हात मानेवर नेला. तिथे केस नव्हते. हात तसाच राहिला, आणि चेहऱ्यावरून एकेक ओळ पुसल्यासारखी पुसत गेली. डोळे आरशात इकडून तिकडे, कुणी पाहिलं तर नाही ना. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका खूण करून दाखवलेली बाई आपल्याच चुकीवर बोट ठेवलेलं बघत होती. ओशाळी. लहान मुलीसारखी ओशाळी. वहिनीने तेव्हाच – विचारबिचार काही केला नाही – अंगावर कापड टाकलं, मागे गाठ मारली आणि म्हणाली, पण हे कानामागे राहिलेच की बाई माझ्याकडून, बरं झालं आलात. आणि हवा कापायला सुरुवात केली.

तेव्हापासून ती सासऱ्यांची कात्री बाईंची झाली. नव्या कात्र्या नुसत्या कुजबुजतात. सासऱ्यांच्या कात्रीचा आवाज भरदार, खोलीभर ऐकू जाईल असा. वहिनीने तिचा स्क्रू ढिला करून ठेवला. ढिली कात्री केस कापत नाही, दुमडते; पात्यांमध्ये केस सापडला तरी अंग चोरून बाहेर येतो. म्हणजे अगदी मानेला लागून चालवली तरी धास्ती नाही. कंगव्याने केस उचलायचे, बोटांत धरायचे, टक्-टक्-टक्, सोडायचे. मग ब्रशने मान झाडायची, जिथे काही पडलेलंच नाही ती. मग मागे छोटा आरसा धरायचा. बाई डावीकडे बघायच्या, उजवीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, छान. हलकं वाटलं.

हलकं वाटतं ते काय खोटं असतं?

आता सांगा, यात फसवणूक कुणाची झाली… असं ती कुणाला तरी विचारत होती, पण दारात ट्रकवाला उभा होता आणि त्याला मिशा कातरून हव्या होत्या.

सकाळ अशी गेली. डोकी आली, डोकी गेली. वहिनीचे हात नेहमीसारखे चालले, पण घड्याळाकडे नजर जात होती, आणि तिथून दरवाजाकडे, आणि काचेतून पलीकडे, रस्त्याकडे. रस्ता आज तिला वैऱ्यासारखा दिसत होता. इतकी वर्षं तो दुकानासमोर होता आणि तिने कधी त्याच्याकडे रस्ता म्हणून पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक आणणारी वाट म्हणून पाहिलं होतं. आता बघते तो काय, कुणीसुद्धा थांबत नव्हतं. नणंद एका बाईंच्या केसांना रंग लावता लावता हळूच म्हणाली, की वहिनी, मी तुझ्या बाजूची नाही, पण तू नाही म्हणणार असशील तर निदान रडू नकोस. रडलीस की तू हरतेस, हे मी लहानपणापासून – म्हणजे तुझ्या लग्नापासून – बघते आहे. वहिनी म्हणाली, रडतंय कोण. आणि नाक ओढलं.

बाई दिसल्या त्या पलीकडच्या फुटपाथवर. पिशवी, पिशवीत छत्री. कडेला उभ्या होत्या, पाऊल खाली ठेवत होत्या, मागे घेत होत्या. वहिनीच्या हातात कंगवा होता, खांद्यावर टॉवेल. खुर्चीतल्या माणसाला आलेच म्हणाली की नाही तेही तिला आठवत नाही. ती रस्त्यात उतरली आणि टॉवेल असा वर धरला, जसा काही त्यावर सरकारी शिक्का आहे, आणि एका मोटारीने करकचून ब्रेक दाबला, मोटारवाल्याने काच खाली करून तिच्या डोक्याचं काय झालं आहे ते विचारलं. ती म्हणाली, या दुकानात, तुमचंही डोकं बघून देते. बाईंचा हात हातात आला तेव्हा तो थंड आणि कोरडा होता, बोटं मात्र जिवंत. बाई म्हणाल्या, "अगं पोरी, तू कशाला आलीस? मला येतो रस्ता."

खुर्चीत बसल्या की बाईंची बोटं कापडाखाली चालू होतात. बाहेरून दिसतं ते एवढंच, की काळ्या कापडाखाली दोन लहान प्राणी धावताहेत. चौकातल्या वरच्या मजल्यावर बाईंचा टायपिंगचा क्लास होता. खिडकीपासून भिंतीपर्यंत मशिनं, आणि या गावातल्या निम्म्या कचेऱ्यांतल्या मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या. बाई त्याच गोष्टी सांगतात, त्याच क्रमाने, आणि वहिनी त्याच जागी तोच प्रश्न विचारते, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा. आजही झालं. मागच्या रांगेतली एखादी आळशी पोरगी कागदच लावायची नाही, मशिनच्या उघड्या रुळावर नुसतीच अक्षरं ठोकत बसायची. कागद नाही तर चूक नाही. बाई खिडकीशी, मुलींकडे पाठ करून उभ्या. पाठ न वळवता म्हणायच्या, कागद लाव. तुम्हाला कसं कळायचं हो बाई, वहिनीने विचारलं, काचेतून बाहेर बघत, कारण औषधांच्या दुकानाकडून येणारी लेक आता रस्ता ओलांडत होती. कान आहेत मला, बाई म्हणाल्या. उघड्या रुळावरची अक्षरं पोकळ वाजतात. पण सगळ्यांसमोर नाही हं बोलायचे मी, जवळ जाऊन हळू सांगायचे. पोरींना लाज असते.

लेक आत आली. आईला बघून तिने डोळे मिटले आणि उघडले. आली म्हणजे आज तरी पोचली, एवढंच त्या मिटण्यात होतं. ती थकलेली होती. वहिनीला ते दिसलं आणि आवडलं नाही, कारण थकलेल्या माणसाशी भांडायचं कसं? लेक खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली. आरशात तिघी – बसलेली एक, उभ्या दोघी.

"सांगा ना वहिनी," लेक हळू म्हणाली.

वहिनीने सासऱ्यांची कात्री उचलली. कंगव्याने मानेवरचे केस वर घेतले, पांढरे, पिंजलेल्या कापसासारखे. "नाही सांगणार," ती म्हणाली.

लेकीला वाटलं असावं की आपण नीट ऐकलं नाही. मग ती बोलू लागली आणि वहिनीही बोलू लागली, दोघी दबक्या आवाजात, आईच्या डोक्यावरून, जसं झोपलेल्या मुलाच्या डोक्यावरून आई-बाप भांडतात तसं. वहिनी म्हणाली, रस्त्यापलीकडून मी आणत जाईन. लेक म्हणाली, किती दिवस, आणि पहाटे निघाली तर, आणि तुम्ही आजारी पडलात तर. कुलूप लावलं तर ती दार ठोकत बसते, मी कामावर असते, सांगा मी काय करू. वहिनीने कंगव्याने पुढचे केस उचलले. तिला एवढंच कळत होतं, की तो चेहरा ती पुन्हा आरशात आणणार नाही. कुणाच्याही सोयीसाठी नाही, चांगल्यासाठी नाही, जिवासाठीसुद्धा… इथे ती अडखळली. जिवासाठीसुद्धा? कात्री चालूच होती, हवेत, मानेपाशी, टक्-टक्.

"तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून माझ्या आईने रस्त्यात मरायचं का?" लेक म्हणाली.

हे तिने मुद्दाम नाही म्हटलं. बोलून झाल्यावर तिचाच चेहरा उतरला. पण शब्द लागायचा तिथे लागला, वहिनीचा अंगठा आवळला, आणि कात्रीने आवाज बदलला. टक् नव्हे. दबका, भरलेला, ओलं पान चुरगळावं तसा – कर्र. आणि काळ्या कापडावर, बाईंच्या खांद्यापासून मांडीपर्यंत घरंगळत, पांढऱ्या केसांची एक बट येऊन पडली.

सकाळी. पेचकस. अर्धा आटा, त्याहूनही जरा कमी… ही एक कात्री न आवळता बाजूला ठेवायची असते, रोज ठेवते, आणि आज भांडणाच्या नादात हात…

नणंदेचा रंगाचा ब्रश वाटीतच थांबला. कापडाखालचे ते दोन प्राणी धावायचे थांबले. बाईंनी मान किंचित कलती केली, ऐकल्यासारखी. आणि पाठ न वळवता, आरशातही न बघता, खिडकीकडे तोंड करून त्या बोलल्या. जवळच्याला ऐकू जाईल इतकंच.

"आज कागद लावलास."

लेक म्हणाली, काय गं आई? बाईंनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

"इतके दिवस नुसती ठोकत होतीस पोरी."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. वहिनीने वर बघितलं आणि आरशात तिला तो चेहरा दिसला – एकेक ओळ पुसली गेलेला, डोळे इकडून तिकडे, कुणी पाहिलं तर नाही ना. तोच. इतके दिवस जो त्या काचेत उमटू नये म्हणून ती दारात आडवी उभी होती तोच. फक्त तो बाईंच्या मानेवर नव्हता, तिच्या स्वतःच्या मानेवर होता.

म्हणजे कळत होतं? केव्हापासून? पहिल्या दिवसापासून – की फक्त आज, आवाज बदलला म्हणून मागचा सगळा पोकळ आवाज एकदम आठवला? पण बाईंना कालचं आठवत नाही. मग… मग रोज कळत असेल. रोज नव्याने. रोज त्या खुर्चीत बसून त्या ऐकत असतील की ही पोरगी उघड्या रुळावर ठोकते आहे, आणि रोज नव्याने ठरवत असतील की सगळ्यांसमोर नको बोलायला. आणि छोटा आरसा धरला की डावीकडे बघून, उजवीकडे बघून – छान. हलकं वाटलं. देवा, मग सोंग कुणाचं आणि सेवा कुणाची? तो रस्ता ओलांडून कोण कोणासाठी येत होतं?

की हे सगळं आपणच रचतो आहोत, आणि बाईंच्या तोंडून नुसतंच एक जुनं वाक्य निसटलं, क्लासमधलं, कुठल्याशा पोरीसाठीचं? विचारावं का? विचारलं आणि त्यांनी म्हटलं, काय कागद, कसला कागद…

तिने विचारलं नाही.

लेक वाकून ती बट उचलत होती. बोटांमध्ये धरून तिने ती पाहिली, ठेवायची की टाकायची हे न कळून, आणि शेवटी तिने ती आपल्या पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली, दिवसभर पावत्या ठेवणाऱ्या माणसासारखी. "उद्याचं काय करायचं, वहिनी?" ती म्हणाली, आता मागणं नव्हतं ते, नुसता प्रश्न होता, दोघींच्या मध्ये ठेवलेला. वहिनीला सकाळपासून पाठ केलेली उत्तरं आठवली, चांगली कडक उत्तरं, आणि त्यांतलं एकही आता बसत नव्हतं. ती सगळी एका बिचाऱ्या म्हातारीसाठी घडवली होती, आणि खुर्चीत तशी कुणी नव्हतीच. खुर्चीत बाई होत्या. त्यांना विचारावं लागेल, तिच्या मनात आलं. आपण दोघी त्यांच्या डोक्यावरून भांडतो आहोत. विसरणाऱ्या माणसालाही विचारावं लागेल, रोज विचारावं लागलं तर रोज… दार बंद करायचं नाही, ते नाहीच. पण दार आपण उघडं ठेवतो आहोत या तोऱ्यात आता उभं राहता येणार नाही.

"थांबलीस का?" बाई म्हणाल्या. कापडाखाली बोटं पुन्हा चालू झाली होती, सावकाश. "दुसरी बाजू कोण करणार? ओळ सरळ यायला पाहिजे."

वहिनीने पातं टॉवेलला पुसलं. हात पेचकसाकडे गेला, स्क्रू सोडायला – आणि तसाच राहिला. सोडला नाही तिने. कंगवा पाण्यात बुडवला, झटकला. सासऱ्यांनी पहिल्यांदा खरं डोकं पुढे केलं होतं तेव्हा अंगठा कडीतून काढून पुन्हा नीट बसवला होता तसा तिने तो आताही बसवला. आणि नणंद बघते आहे, लेक बघते आहे, हे माहीत असूनही तिने ते लपवलं नाही. डावीकडचे ते मऊ पांढरे केस तिने दोन बोटांत धरले, उजवीकडच्याशी ताडून पाहिले, पुन्हा पाहिले. इतकी वर्षं गेली, किती डोकी हाताखालून गेली, आणि आज तिला भीती वाटत होती की ओळ वाकडी जाईल, आणि वाकडी गेली तर या बाईंना ती न बघताच कळेल. भीती वाटत होती. मागे मात्र ती सरली नाही.